मंडपेश्वर : लेण्याच्या माथ्यावरचे चर्च

मंडपेश्वर हे मुंबईच्या बोरिवली उपनगरातील सहाव्या शतकातले शैव लेणे. त्याच लेण्याच्या माथ्यावर सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज चर्चच्या आणि मठाच्या भिंती उभ्या आहेत. खाली खडकात कोरलेला मंडप आणि गाभारा, वर चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती, आणि अवतीभोवती आय. सी. कॉलनीच्या इमारती, असे तीन काळ एकाच टेकाडावर दिसतात. रोममध्ये जुन्या रोमन वास्तूंवर उभी राहिलेली कॅथलिक चर्च प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात त्या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी जागा हीच. फरक एवढाच की रोममध्ये जुना थर पाहायला जिना उतरून जमिनीखाली जावे लागते, तर मंडपेश्वरला अंगणात उभे राहून मान वर केली की दोन्ही थर एका नजरेत येतात.

टेकाड बोरिवलीच्या पश्चिम भागात, दहिसरच्या हद्दीला लागून आहे. पूर्वी दहिसर नदी लेण्याच्या समोरून वाहत असे. पुढे तिचा प्रवाह बदलला. आता समोर मोकळे मैदान, रस्ता आणि रहिवासी वस्ती आहे. दूरवरून पाहणाऱ्याला हे ठिकाण लेणे वाटतच नाही. बुटका खडक, त्यात काळोखी खांबांची रांग आणि वर छप्पर उडालेली पडकी इमारत, एवढेच दिसते. जवळ गेल्यावर खांबांवरचे नक्षीकाम आणि वरच्या भिंतींतल्या कमानी वेगवेगळ्या हातांच्या आहेत, हे ध्यानात येते.

लेणे

साष्टी बेटावर आणि त्याच्या आसपास शैव लेण्यांचा एक ठळक गट आहे. जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि घारापुरी ही त्यांतली मुख्य नावे. तिन्हींचा काळ साधारणपणे सहावे शतक मानला जातो आणि त्यांचा संबंध पाशुपत पंथाशी जोडला जातो. पाशुपत हा शैवांचा जुना संन्यासी संप्रदाय. हातात लकुट, म्हणजे सोटा, धारण करणारा लकुलीश हा त्याचा आचार्य आणि शिवाचा अवतार मानला जातो. त्याआधी याच परिसरात कान्हेरीसारखी मोठी बौद्ध लेणी कोरली गेली होती, त्यामुळे डोंगर पोखरण्याची विद्या इथल्या कारागिरांना नवी नव्हती. मात्र बौद्ध लेण्यात भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आणि स्तूप यांना महत्त्व, तर या शैव लेण्यांत प्रशस्त मंडप, लिंगाचा गाभारा आणि भिंतीभर मोठे शिल्पपट यांना.

लातूर-नांदेडकडच्या वाचकाला हा काळ अपरिचित नाही. औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी साधारण त्याच सुमाराची मानली जातात. तिथला दगड जांभा, सच्छिद्र आणि ठिसूळ; त्यामुळे शिल्पांचे नाकडोळे झिजून गेले आहेत. मंडपेश्वरलाही झीज आहेच, पण इथल्या शिल्पांची हानी केवळ ऊनपावसाने झालेली नाही. माणसाच्या छिन्नीने आणि बदलत्या वापराने झालेली हानी इथे जास्त आहे, आणि ती कुठे झाली हे बोटाने दाखवता येते.

मुख्य लेण्याची रचना सोपी आहे. पुढे मोकळे अंगण, मग खांबांची रांग, आत आडवा मंडप, त्याच्या मागच्या भिंतीत गाभारा आणि बाजूंना दालने. काही खांबांचे नक्षीकाम घारापुरीच्या खांबांची आठवण करून देते. नावातला ‘मंडप’ या प्रशस्त सभागृहावरूनच आला असावा असे वाटते. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि तिथे आज नित्य पूजा होते. महाशिवरात्रीला परिसरातल्या भाविकांची मोठी गर्दी होते.

लेण्यातले सर्वांत लक्षवेधी शिल्प नटराजाचे. एका दालनाची भिंत व्यापून अनेक हातांचा शिव नृत्याच्या आवेशात कोरलेला आहे. त्याच्या भोवती देवदेवता आणि गण दाटीने उभे आहेत. काही हात तुटलेले, काही चेहरे पुसट झालेले. तरी कमरेत घेतलेली वळणदार ठेवण आणि धडाचा तोल अजून स्पष्ट कळतो. भग्न शिल्प असूनही नृत्य थांबलेले वाटत नाही, कारण शिल्पकाराने गती हातापायांत नव्हे तर धडाच्या वळणात धरली आहे. शिवपार्वतीच्या विवाहाचे दृश्यही या लेण्यात आहे. घारापुरीला हेच दोन विषय जास्त मोठ्या आकारात आणि पूर्णतेने पाहायला मिळतात. त्यामुळे दोन्ही ठिकाणे पाहणाऱ्याने आधी मंडपेश्वर आणि मग घारापुरी असा क्रम ठेवला, तर एकाच शैलीची वाढ डोळ्यांसमोर उलगडते.

पोर्तुगीज काळ

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेट आले आणि त्याबरोबर कान्हेरी, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही लेणीही. या नव्या मुलखाला पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ म्हणत; त्याचे मुख्य ठाणे वसई. राज्यकारभारामागोमाग धर्मप्रचारक संघ आले. त्यांत पहिले फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या पंथातले साधू. मग जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन.

मंडपेश्वरच्या बदलाशी आंतोनियू दु पोर्तू या फ्रान्सिस्कन साधूचे नाव जोडलेले आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्याच्या पुढाकाराने लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले आणि ते ‘नोसा सेन्योरा दा पिएदादे’, म्हणजे करुणामाता मरिया, हिला अर्पण केले गेले. लेण्याच्या माथ्यावर चर्च, मठ आणि विद्यालय बांधले गेले. तिथे स्थानिक ख्रिस्ती मुलांना शिक्षण मिळत असे. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या काळात देवस्थानाकडचे उत्पन्न या संस्थेच्या खर्चासाठी लावून दिले गेले. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दु कोतो याने आपल्या बखरवजा ग्रंथांत या प्रदेशातल्या लेण्यांची आणि फ्रान्सिस्कनांच्या कामाची नोंद केली आहे. पोर्तुगीज कागदांत मंडपेश्वरचे नाव ‘मोंपासेर’, ‘मोंपेझिर’ अशा रूपांत येते. शेजारच्या पोयसरचे ‘पोइन्सूर’ झाले आणि ‘माउंट पोइन्सूर’ हे टेकाडाचे नाव इंग्रजीत अजून चालते.

नवे चर्च जुन्या देवळाच्या जागीच का केले, याला एकापेक्षा जास्त कारणे होती. एक धोरणाचे : पोर्तुगीज अमलात जुनी देवळे मोडून त्यांच्या जागी चर्च उभारण्याचा प्रघात गोव्यापासून वसईपर्यंत होता. सत्ता बदलली हे लोकांना सर्वांत ठळकपणे दिसते ते देवस्थानाच्या जागी. दुसरे व्यवहाराचे : खडकात कोरलेला मंडप आयता होता. त्याला छप्पर घालायचे नव्हते की खांब उभे करायचे नव्हते. तिसरे पैशाचे : देवस्थानाच्या जमिनी आणि उत्पन्न आधीपासून ठरलेले होते, ते फक्त दुसऱ्या खात्यावर वळवायचे होते. चौथे सवयीचे : लोकांची पावले त्या वाटेला आधीच वळत होती.

लेण्याच्या माथ्यावरचे बांधकाम आज भग्न आहे. छप्पर नाही. घडीव आणि अनघड दगड चुन्यात बसवलेल्या जाड भिंती, दारे-खिडक्यांच्या कमानी आणि त्यांतून डोकावणारी झाडे, एवढे उरले आहे. या भिंतींची बांधणी वसई किल्ल्यातल्या चर्चच्या अवशेषांशी जुळते. खाली खडकातून वजाबाकी करत कोरलेली वास्तू आणि वर दगडावर दगड ठेवत बेरीज करत उभारलेली वास्तू, अशा वास्तुकलेच्या दोन परस्परविरुद्ध रीती इथे एकीवर एक बसल्या आहेत. वरच्या इमारतीला वेगळा पायाही फारसा लागला नसेल; डोंगरच तिचा पाया.

क्रूसाची भिंत

अंगणात शिरताना डाव्या हाताच्या पहिल्याच भिंतीपाशी थांबावे. तिथे खडकात एक मोठा क्रूस उठावात कोरलेला आहे. मूळ शिल्पपट तासून टाकून त्या जागी तो केला गेला असे मानतात. नीट पाहिले तर क्रूस हा वेगळा आणून लावलेला दगड नाही, डोंगराचाच भाग आहे, हे कळते. शिल्पपटासाठी जो दगड कोरला होता, त्याच दगडात पुन्हा आणखी खोल छिन्नी चालवली आहे. भिंतीचा पृष्ठभाग त्यामुळे दुहेरी झाला आहे. पहिल्या कारागिराने सोडलेला उठाव दुसऱ्याने काढून टाकला, आणि त्याच्या मागच्या खडकातून आपली आकृती वर काढली.

मंडपेश्वरचा सगळा इतिहास या एका भिंतीवर वाचता येतो. चौकट जुन्या शिल्पपटाची, आकृती नव्या धर्माची. आणि क्रूस कोरण्याचे तंत्र तेच, ज्या तंत्राने त्याच्या हजार वर्षे आधी त्या जागेवरचे पहिले शिल्प कोरले गेले. या भिंतीकडून मान वळवली की आत शिवलिंगापुढची समई दिसते. दोन खुणा एकमेकींपासून काही पावलांवर आहेत, आणि त्यांतली एकही आता पुसली जात नाही.

१७३७ नंतर

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उत्तर कोकणची मोहीम उघडली. त्याच वर्षी ठाण्याचा किल्ला आणि साष्टीचा मोठा भाग हाती आला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि उत्तर प्रांतातली पोर्तुगीज सत्ता संपली. तिच्या आधारावर चालणारा मंडपेश्वरचा मठ ओस पडला आणि वरची इमारत पडझडीला लागली. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली.

या मोहिमेची एक आठवण मंडपेश्वरपासून दूर, घाटावरच्या देवळांत टांगलेली आहे. उत्तर कोकणातल्या चर्चच्या पितळी आणि काशाच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून आणल्या आणि देवळांना अर्पण केल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील देवळातली घंटा १७०७ सालची आहे, भीमाशंकरची १७२९ ची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ ची. पोर्तुगीजांनी देवळाचा मंडप घेऊन त्याचे चर्च केले. मराठ्यांनी चर्चची घंटा घेऊन ती देवळात बांधली. दोन्हीकडे वस्तू पार मोडली नाही, तिचे काम बदलले. म्हणूनच ती टिकली.

सत्ता गेली तरी ख्रिस्ती वस्ती गेली नाही. वसई, उत्तन, गोराई, मनोरी आणि बोरिवलीच्या पश्चिमेकडची गावठाणे यांत मराठी बोलणारा कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. मुंबई-साष्टीतल्या या समाजाने १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्याची घरची बोली मराठीचीच आहे. धर्माबरोबर आलेले पोर्तुगीज शब्द मराठीत इतके मुरले की त्यांचा परकेपणा कुणाला जाणवत नाही. ‘पाद्री’, ‘क्रूस’, ‘इगर्जी’ हे तर चर्चचेच शब्द. पण ‘पगार’ आणि ‘चावी’ हेही त्याच वाटेने आले आणि घराघरांत पोचले. लेण्याजवळची आय. सी. कॉलनी हे नाव तिथल्या निष्कलंक गर्भसंभवा मातेच्या चर्चवरून पडले. त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे म्हणजे आय. सी. अशा रीतीने आज टेकाडावरचे जुने चर्च भग्न, जवळचे नवे चर्च चालू आणि खालचे लेणे पूजेत आहे. लेणे आणि माथ्यावरचे पोर्तुगीज अवशेष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

रोमचे सान क्लेमेंते

मंडपेश्वरचे वेगळेपण कळायला ज्या प्रकाराशी त्याची तुलना होते त्याचा नमुना पाहावा लागतो. रोममधल्या कोलोसियमपासून काही मिनिटांच्या चालीवर सान क्लेमेंते हे चर्च आहे. रस्त्यावरून दिसते ते बाराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले चर्च. वेदीमागच्या अर्धगोल छताला सोनेरी पार्श्वभूमीवर रंगीत तुकड्यांचे चित्र आहे. मध्ये क्रूस, त्यावर बारा पांढरी कबुतरे, आणि क्रूसाच्या बुंध्यातून फुटून सगळे छत व्यापणारी वेलबुट्टी. मध्यभागी गायकवृंदासाठी केलेला संगमरवरी कठडा मात्र इमारतीपेक्षा पाचेकशे वर्षांनी जुना आहे. सहाव्या शतकातला पोप दुसरा जॉन याच्या नावाची मुद्रा त्यावर कोरलेली आहे. तो खालच्या चर्चमधून उचलून वर आणला आहे.

‘खालचे चर्च’ आहे हे काही शतके कुणाच्या आठवणीत नव्हते. १६७७ पासून ही जागा आयर्लंडमधल्या डोमिनिकन संघाकडे आहे. त्या संघाच्या जोसेफ मुलूली या पाद्र्याने १८५७ मध्ये इथे खोदकाम सुरू केले आणि वरच्या जमिनीखाली चौथ्या शतकातले अख्खे चर्च सापडले. १०८४ मध्ये नॉर्मन सैन्याने रोमची लूट केली, तेव्हा या भागाची नासधूस झाली. त्यानंतर काही वर्षांतच जुने चर्च दगडमातीने भरून काढून त्यावर नवे बांधले गेले. भरावामुळे आतली भित्तिचित्रे उघडी पडली नाहीत, आणि वाचली. त्यांतल्या अकराव्या शतकातल्या एका चित्रात सिसिन्नियस नावाचा रोमन अधिकारी नोकरांवर खेकसतो आहे. त्याच्या तोंडचे शिवीवजा वाक्य चित्रातच लिहिलेले आहे, आणि ते लॅटिनमध्ये नसून त्या वेळच्या बोलीत आहे. इटालियन भाषेच्या सर्वांत जुन्या लिखित नमुन्यांत त्याची गणना होते. मराठीच्या जुन्या शिलालेखांतही शिलाहारांच्या काळातले गधेगाळ आहेत, आणि त्यांवरची शापवाणी अशीच सभ्य कानांना न मानवणारी आहे. लोकभाषा दगडावर पहिल्यांदा उमटते ती अनेकदा अशा रांगड्या तोंडाने.

आणखी एक जिना उतरले की पहिल्या-दुसऱ्या शतकातले रोम लागते. मोठ्या दगडी ठोकळ्यांची एक इमारत, विटांची दुसरी आणि त्यांच्यामधला अंगाला भिंती घासतील इतका अरुंद बोळ. विटांच्या इमारतीच्या चौकात दुसऱ्या शतकाच्या अखेरीला मिथ्रस या देवाचे मंदिर केले गेले. लांबट खोली, दोन्ही बाजूंना भक्तांनी टेकून सहभोजन करायचे कट्टे, मध्ये वेदी, वेदीवर बैलाचा बळी देणारा मिथ्रस, आणि वर गुहेच्या छतासारखी ओबडधोबड कमान. मिथ्रसची मंदिरे मुद्दाम गुहेसारखी बांधत, कारण देवाने बैलाला गुहेत मारले अशी त्या पंथाची समजूत होती. जिथे डोंगर नव्हता तिथेही रोमन भक्तांनी गुहा तयार केली.

भारतीय वाचकाला या देवाचे नाव ओळखीचे वाटेल. वेदांतला मित्र आणि इराणी अवेस्तातला मिथ्र हे एकाच मूळ नावाचे दोन अवतार. इराणमधले नाव पश्चिमेकडे जाऊन रोमन सैनिकांत आणि व्यापाऱ्यांत पसरले, मात्र तिथे त्याच्याभोवतीचा पंथ पुष्कळ वेगळा घडला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसच्या काळात ख्रिस्तीतर उपासनांवर बंदी आली आणि या गुहेवर चर्चचा विस्तार झाला. म्हणजे रोममध्येही एका टोकाला गुहा आहे आणि तिच्या डोक्यावर चर्च. सर्वांत खालच्या मजल्यावर उभे राहिले की भिंतीपलीकडून पाणी वाहत असल्याचा आवाज सतत येतो. जमिनीखालच्या या प्रवाहाने अवशेष बुडू लागले, तेव्हा १९१२ ते १९१४ या काळात बोगदा खणून ते पाणी प्राचीन रोमच्या मोठ्या गटारात, क्लोआका मॅक्सिमात, सोडण्यात आले.

रोममध्ये अशा बदललेल्या देवस्थानांची इतरही उदाहरणे आहेत. सर्व देवांचे मंदिर असलेले पँथिऑन ६०९ मध्ये चर्च झाले, आणि म्हणूनच ते आज जवळजवळ अखंड उभे आहे. सान क्लेमेंते आणि मंडपेश्वर यांच्यातला मोठा फरक काळाच्या ओघात आहे. रोममध्ये मिथ्रसचे भक्त उरले नाहीत. खालचा मजला आता फक्त पाहण्याचा आहे. मंडपेश्वरला खालचा थर जिवंत आणि वरचा थर भग्न. रोममध्ये वरचे चर्च चालू आणि गुहा मृत, बोरिवलीत गुहा चालू आणि वरचे चर्च मृत, असा हा उलटा प्रकार आहे.

गोवा आणि मराठवाडा

देवस्थानाच्या जागी चर्च झाल्याची उदाहरणे जवळ, गोव्यातही आहेत. तिथल्या मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावरचे पिएदादे गावचे चर्चही करुणामातेलाच वाहिलेले आहे. ते जुन्या देवस्थानाच्या टेकडीवर आहे आणि त्याच्या दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनागृहात कदंबकालीन कोरीव दगडी छत टिकून आहे. याच बेटावरचे सप्तकोटीश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी मोडले. देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे येथे नेण्यात आला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. मंडपेश्वरला देव हलवता आला नाही, कारण देऊळ डोंगरातच होते. गोव्यात देव हलला, जागा मागे राहिली.

रोमन अवशेष आणि बदललेले देवस्थान या दोन्ही गोष्टी मराठवाड्यात एकाच गावी पाहायच्या तर धाराशिव जिल्ह्यातले तेर गाठावे. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो. इथले कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई आणि तिथून रोमन जगात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, नाणी आणि रोमन धाटणीच्या वस्तू आहेत. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पोंपेईच्या राखेखाली सापडली. गावातले त्रिविक्रम मंदिर विटांचे, मागून अर्धगोल आणि गजपृष्ठ छताचे आहे. ते मूळचे बौद्ध चैत्य असावे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स यांनी मांडले. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. वास्तू एका काळची आणि देव दुसऱ्या काळचा, हा मंडपेश्वरसारखाच प्रश्न तेरलाही पडतो. तिथे मात्र क्रूसाच्या भिंतीसारखी ठोस खूण नाही, त्यामुळे वाद चालू आहे.

प्रवास

मराठवाड्यातून मंडपेश्वरला यायचे तर उदाहरणादाखल नांदेड जिल्ह्यातील उमरी घेऊ; हे मुदखेड-निजामाबाद मार्गावरचे स्थानक. तिथून मुंबईला जायला सिकंदराबादकडून येणारी देवगिरी एक्स्प्रेस सोयीची. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक या मार्गाने रात्रभराचा प्रवास करून गाडी सकाळी मुंबईत पोचते. मंडपेश्वरला जाणाऱ्याने शेवटपर्यंत न जाता दादरला उतरावे. पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची बोरिवली किंवा विरार लोकल धरावी आणि बोरिवलीला पश्चिमेकडे बाहेर पडावे. तिथून ‘आय. सी. कॉलनी, मंडपेश्वर लेणी’ असे सांगितले की मीटरच्या रिक्षाने लेण्याच्या दारापर्यंत जाता येते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या २ए मार्गावर मंडपेश्वर नावाचे स्थानकही आहे. सकाळची लोकल पकडताना एक ध्यानात ठेवावे : त्या वेळी गर्दी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना असते, उत्तरेकडे बोरिवलीला जाणाऱ्या गाडीत सामानासह चढणे तुलनेने सोपे.

लेणे पाहायला तास-दीड तास पुरतो. क्रम असा ठेवावा : आधी अंगणातली क्रूसाची भिंत, मग मंडप आणि खांब, नटराजाचे दालन, गाभारा, आणि शेवटी बाहेर येऊन माथ्यावरच्या भिंती. सकाळचे तिरपे ऊन असेल तर उठाव जास्त ठळक दिसतात. भर दुपारी अंगण झगझगते आणि आतले काही सुधरत नाही. छोटी विजेरी जवळ असावी. पावसाळ्यात खडक शेवाळतो आणि आत पाणी झिरपते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गाभाऱ्यात पूजा चालू असते, तेव्हा चपला बाहेर काढून शांतपणे पाहावे. वरच्या भिंती मोडकळीला आलेल्या आहेत. त्यांवर चढू नये आणि दगडावर नावे कोरू नयेत.

हाताशी पूर्ण दिवस असेल तर याला दोन ठिकाणे जोडता येतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी बोरिवलीच्या पूर्वेला आहेत. साष्टीत डोंगर कोरण्याची परंपरा कुठून आली हे तिथे कळते. लोकलने उत्तरेकडे गेले की वसई लागते. तिथल्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी तटबंदी, दरवाजे आणि चर्चच्या उंच भग्न दर्शनी भिंतींसह उभी आहे. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे मंडपेश्वर बदलणाऱ्या फ्रान्सिस्कन संघातलेच. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत त्यांना क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. सकाळी कान्हेरी, दुपारआधी मंडपेश्वर आणि उतरत्या उन्हात वसई, या क्रमाने गेले तर बौद्ध, शैव आणि पोर्तुगीज हे साष्टी-वसईचे तिन्ही थर कालक्रमाने पाहून होतात.